माझे २१ गुण कसे कमी झाले

जुलैतला शनिवार होता. चौथ्या पीरियडनंतर एम.एड. करणारी एक मुलगी प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आली. विषयाचं नाव लांबलचक: बौद्धिक दिव्यांग किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी माध्यमिक शिक्षकांची अभिवृत्ती. ३० विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत. बाहेर पाऊस, टेबलावर कचोऱ्या. (इंदूरच्या शाळेत शनिवारची कचोरी वेळापत्रकात नसते, पण तिचा खाडा कधी होत नाही.) डाव्या हातात कचोरी धरून उजव्या हाताने मी दहा मिनिटांत ३० खुणा करून टाकल्या. या मुलांना इतरांबरोबर शिकायचा हक्क आहे: पूर्णतः सहमत. ती वर्गात असली की बाकीची मुलं समजूतदार होतात: पूर्णतः सहमत. थोडं प्रशिक्षण मिळालं तर कोणताही शिक्षक त्यांना शिकवू शकतो: पूर्णतः सहमत. कागदाला तेलाचा डाग पडला, तेवढाच काय तो कलंक.

मत जितकं अनुकूल तितके गुण जास्त, असा त्या प्रश्नावलीचा हिशोब. १५०पैकी मला १३८ मिळाले होते, हे पुढे मार्चमध्ये कळलं. आमच्या शाळेतले ते सर्वांत जास्त गुण होते.

आणि त्याच दिवशी माझ्या नववी 'ब'मध्ये तिसऱ्या बाकावर सोहम बसलेला होता. (नाव बदललंय.) एप्रिलपासून त्याला मी विज्ञानाचं एक अक्षर शिकवलेलं नव्हतं.

मी १९ वर्षं विज्ञान शिकवते. सासर-माहेर दोन्ही इंदूरचं. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी. शाळा सी.बी.एस.ई.ची, बेताच्या फीची. तिचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते कुठेही झालं असतं आणि त्यातला मोठा वाटा माझाच आहे. एप्रिलमध्ये वर्गाची यादी हातात पडली तेव्हा मीच को-ऑर्डिनेटरना विचारलं होतं, "ये मेरे सेक्शन में क्यों?"

सोहम पहिलीपासून आमच्याकडे. आठवीपर्यंत शाळेत कुणाला मागे ठेवत नसत, त्यामुळे त्याचं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं. प्राथमिकच्या बायांचा त्याच्यावर फार जीव. स्नेहसंमेलनात दरवर्षी तो काही ना काही असायचाच: झाड, ढग, एकदा बाळकृष्ण. पाहुणे आले की त्याला पुढे करायचं. तो हात मिळवायचा, मिठी मारायचा, फ्लाइंग किस द्यायचा, आणि पाहुणे विरघळायचे. नववीत आला तोवर माझ्याहून अर्धा फूट उंच झालेला, आवाज फुटलेला, ओठावर मिसरूड. ज्यांनी त्याचे गाल ओढले त्याच बाया आता जिन्यात त्याच्या शेजारून जाताना पदर सावरून जायच्या.

आठवीच्या निकालाला को-ऑर्डिनेटरनी त्याच्या बाबांना सुचवलं, "ओपन से करा लीजिए." ओपन म्हणजे एन.आय.ओ.एस., घरी अभ्यास करून परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय. ती वाट वाईट नाही. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. कितीतरी मुलं त्याच वाटेने पार पडलीत. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र 'ओपन'चा अर्थ 'बाहेर' एवढाच होता, आणि बाबांना तो कळला. त्यांचं राजवाड्याजवळ झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी ते दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६चं कलम ३१ घेऊन आले. शिक्षणहक्काचा कायदा १४व्या वर्षी थांबतो. हे कलम ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं, जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत. त्यांनी ते लॅमिनेट करून आणलं होतं. प्रिन्सिपलच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "राहू द्या सर इथेच. चहा सांडला तरी खराब होणार नाही." फी त्यांनी भरली. त्यांना मोफत काही नको होतं, मुलगा वर्गात हवा होता.

त्याचं प्रमाणपत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यावर ५० टक्के लिहिलेलं होतं. स्टाफरूममध्ये त्याचा अर्थ 'आधा दिमाग' असा लावला गेला, आणि मीही मान डोलावली. विज्ञानाची शिक्षिका! तो आकडा मेंदूचं माप नाहीच. सौम्य म्हणजे ५०, मध्यम म्हणजे ७५, तीव्र म्हणजे ९०, अतितीव्र म्हणजे १००, अशी सरकारी तालिका आहे. बुद्ध्यंक (सौम्य श्रेणीत तो साधारण ५० ते ६९च्या घरात असतो) आणि रोजच्या व्यवहारातलं जमणं-न जमणं यांवरून श्रेणी ठरते, आणि श्रेणीवरून टक्के. म्हणजे ५० टक्के ही त्यातली सौम्य पायरी. आम्ही वाचली मात्र अर्ध्या भरलेल्या बादलीसारखी. अहवालात 'मानसिक वय' असाही एक शब्द होता, त्यापुढे नऊ. तो शब्द मला पुढे बराच महागात पडला.

मी त्याच्याशी वाईट वागत होते असं कुणी म्हणणार नाही. खडू आणायला तोच, हजेरीचं रजिस्टर ऑफिसात न्यायला तोच. फळ्यावरचं तो सुंदर उतरवायचा, वळणदार अक्षर, समासाची लाल रेघ. त्यातला शब्द त्याला वाचता येतोय का, हे मी कधी विचारलं नाही. जुलैच्या चाचणीत त्याने प्रश्नच्या प्रश्न उतरवून काढले होते. मी २०पैकी १४ दिले आणि खाली स्माइली काढली.

सामाजिक विज्ञानाच्या सरांनी त्याच आठवड्यात त्याला ३ दिले.

हे सर म्हणजे तिरसट माणूस. प्रश्नावली भरताना ते माझ्या शेजारीच बसले होते आणि मी तिरक्या नजरेने त्यांचा कागद पाहिला होता. असहमत, असहमत, पूर्णतः असहमत. वर त्या मुलीला सुनावलं, "मुझसे नहीं होगा, और जो बोल रहे हैं कि होगा, वो झूठ बोल रहे हैं." ते ३ गुण पाहून मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. म्हटलं, सर, बच्चा है. त्यांनी कपाटातून पेपर काढला. भारताच्या नकाशात सोहमने तीन राज्यं बरोबर दाखवली होती, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र. बाकी पान कोरं. गुजरात का येतं हेही सरांना ठाऊक होतं: मामा बडोद्याला, दर दिवाळीत रेल्वेने जाणं. मग चष्मा काढून म्हणाले, "मैडम, ये तीन नंबर उसके हैं. आपने जो चौदह दिए, वो किसके हैं?"

मी उत्तर दिलं नाही. त्या संध्याकाळी घरी साबुदाणा भिजवताना, भांडी विसळताना, तेच वाक्य. त्याचा राग यायला मला जास्त सोयीचं पडलं असतं, आणि दोन दिवस मी तसा तो आणलाही.

ऑगस्टअखेर राखी आली. आमच्याकडे मुली वर्गातल्या मुलांना राख्या बांधतात. एकीने सोहमला बांधली, त्याने तिचं मनगट धरलं आणि सोडेना. हसत होता. बाकीची मुलंही आधी हसली. मग ती मुलगी रडायला लागली, तेव्हा कुणीतरी मला बोलवायला धावलं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत. तिचं काही चुकलं नव्हतं, माझी मुलगी असती तर मीही आले असते. दुपारी बैठक झाली. अब बड़ा हो गया है, इन लोगों में कंट्रोल नहीं होता, कल को कुछ हो गया तो कौन जवाब देगा. मी गप्प बसून होते. १३८ गुणांची बाई.

आमच्या ट्रस्टच्या तीन शाळांत मिळून एक स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांसाठीची विशेष शिक्षिका, आहे. आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. वयाने लहान, कायम पाठीवर सॅक, आणि आम्ही तिला तोवर वार्षिक पाहणीपुरतीच ओळखत होतो. ती कोपऱ्यातून म्हणाली, "हाथ मिलाना तो सबने सिखाया. छोड़ना किसने सिखाया है इसे?"

खोली शांत झाली. आठ वर्षं त्याच्याकडून मिठ्या वसूल केलेल्यांपैकी निम्म्या बाया तिथेच बसल्या होत्या.

मग जे केलं ते अगदी साधं होतं, पण रोजचं होतं. हात मिळवायचा, मनात एक-दोन-तीन, सोडायचा. बोलताना समोरच्यापासून हातभर अंतर, आणि ते वर्गातल्या फरशीवर मोजून दाखवलं, दीड फरशी. घरची माणसं, ओळखीची, अनोळखी असे तीन कागद आणि कुणाशी काय चालतं याची चित्रं. पी.टी.चे सर, शिपाई, मी, सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे, "दीड फरशी." मुलींनाही सांगितलं की नको असेल तर हसू नका, सरळ 'नको' म्हणा, त्याला तेच कळतं. एज्युकेटरने आणखी एक गोष्ट सांगितली ती आमच्यापैकी कुणाच्या मनातही आली नव्हती: या मुलांकडून इतरांना असलेल्या धोक्याबद्दल आपण बोलतो, पण त्यांच्यावरच अत्याचार होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. कुणीही मिठी मागितली की द्यायची, हे ज्याला आठ वर्षं शिकवलं, त्याने 'नको' कुठून म्हणायचं? म्हणून चौथा कागद केला. तुला नको असेल तेव्हा काय करायचं. त्या मुलीची जागा आम्ही बदलली आणि वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. तिने बोलावं असा आग्रह मी धरला नाही.

सप्टेंबरमध्ये एज्युकेटर म्हणाली, आता सोहमच्या घरी जाऊ. सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८४ सालची. तिथे तयार झालेली एक तपासयादी या क्षेत्रातले लोक वापरतात, एफ.ए.सी.पी. म्हणतात तिला. स्वतःची कामं, माणसांशी वागणं, लिहिणं-वाचणं-आकडे, व्यवसायाशी संबंधित कामं, करमणूक, असे भाग. प्रत्येक कृतीपुढे खूण करायची: आपलं आपण करतो, खुणेने करतो, सांगितल्यावर करतो, हाताला धरून करतो, किंवा मुळीच नाही. आणि शेवटी एक वेगळीच खूण, एन.ई. म्हणजे करायची संधीच मिळालेली नाही.

लोकमान्य नगरात त्यांचं घर. रविवार सकाळ, पोहे-जिलबी समोर आलीच. आई नोकरीला, त्यामुळे सोहमचं सगळं आजीकडे. एज्युकेटर हिंदीत विचारायची, मी आजींना मराठीत.

"एकटा दुकानातून सामान आणतो का?"

"आणेल ना. पण आम्ही पाठवतच नाही."

"फोन उचलतो?"

"त्याला नाही देत हो उचलू. काही भलतंच बोलला तर?"

"गॅस पेटवतो?"

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांकडे पाहिलं.

सिटी बस: एन.ई. पैसे देऊन सुटे परत घेणं: एन.ई. निरोप पोचवणं: एन.ई. एज्युकेटर न बोलता लिहीत होती आणि पान भरत चाललं होतं. मला आजींचा थोडा रागच येत होता. मग ती लिहिण्या-वाचण्याच्या भागावर आली आणि पेन माझ्याकडे दिलं, "ये आप भरिए, मैडम." तापमापी वाचतो का? द्रव मोजून ओततो का? छोट्या परिच्छेदावरच्या प्रश्नाचं तोंडी उत्तर देतो का? मला एकाचंही उत्तर ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी तीन ठिकाणी एन.ई. लिहिलं. ही संधी तर पोटच्या मुलागत जपणाऱ्या आजीने अडवलेली नव्हती.

निघताना सोहम आपणहून बोलायला लागला. अनंत चतुर्दशीची रात्र होऊन गेली होती, झांक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, पाहून झाल्या होत्या. इंदूरच्या कापडगिरण्या केव्हाच्या बंद पडल्या, पण त्यांच्या नावाच्या झांक्या अजून निघतात. कोणामागून कोण आली, कशावर काय देखावा, दिवे कुठल्या रंगाचे, हे त्याने धडाधड सांगितलं. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, एकही न चुकता. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तोही रात्रभर तिथेच होता. त्याला दोन आठवल्या.

आता हे सगळं वाचून वाटेल की इथून पुढे गाडी रुळावर आली. नाही आली. माझा पहिला उद्योग म्हणजे 'मानसिक वय नऊ' डोक्यात ठेवून केलेली वर्कशीट. नेटवरून उतरवलेले ससे आणि फुगे, 'गरम वस्तूला गोल करा.' वर्गात त्याच्यापुढे ठेवली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सोहमने कागद हळूच पालथा घातला आणि त्यावर वही ठेवली. १५ वर्षांचा मुलगा, सकाळी बाबांच्या रेझरकडे चोरून बघणारा, त्याला मी ससे रंगवायला दिले होते. चाचणीत तो कितव्या वर्षाच्या मुलाइतकं सोडवतो, याचा त्याच्या मानाशी, लाजेशी, मिशीशी संबंध नसतो. एज्युकेटरला सांगितलं तर ती म्हणाली, सब यही करते हैं पहली बार. मला त्यातून काडीचाही दिलासा मिळाला नाही.

मग मी पुस्तकच उघडलं, सगळ्यांचंच. नववीचा पहिला धडा, द्रव्य. तो एप्रिलमध्येच शिकवून झाला होता, उजळणीच्या निमित्ताने पुन्हा काढला. बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो? पृष्ठफळ, तापमान, हवेतला दमटपणा, वारा. वर्गाला विचारलं, पावसाळ्यात कपडे का वाळत नाहीत? पाठांतरवाल्यांनी 'आर्द्रता' म्हणून ओरडून सांगितलं. मी म्हटलं, ठीक, मग आज घरी एक शर्ट लवकर वाळवायचाय, काय काय कराल? शांतता. सोहमचा हात वर. उसको झटकना. फैलाना, ऐसे मोड़ के नहीं. पंखा. जहाँ धूप है वहाँ. चारपैकी तीन कारणं त्याच्या उत्तरात होती; घरात कपडे वाळत घालणं हे त्याचंच काम. त्या यादीत 'आपलं आपण करतो' अशी खूण असलेल्या मोजक्या कृतींपैकी ती एक. मी फळ्यावर त्याचे शब्द डावीकडे आणि पुस्तकाचे उजवीकडे लिहिले, मध्ये रेघा ओढल्या. इतरांनाही तो धडा त्या दिवशी जास्त कळला, हे मी पुढच्या चाचणीवरून सांगते.

मिश्रणं वेगळी करण्याचा धडाही बरा गेला. चाळणं, गाळणं, आजीचं ताक घुसळून लोणी काढणं. अणू-रेणूंवर सगळं संपलं. बटणांचे रेणू करून पाहिले, शेंगदाण्यांचे केले. तो शेंगदाणे खायचा. तीन आठवडे झगडून मी सोडून दिलं. त्या पीरियडला तो मागे बसून मोजपात्राने पाणी मोजायचा आणि तक्ता भरायचा. वर्गात होता, पण वर्गाबरोबर नव्हता. याचं उत्तर मला वर्षभरात सापडलं नाही.

त्याच्या बाबांना आम्ही दुकानाबद्दल विचारलं तेव्हा ते आधी बिचकले. गिऱ्हाइकं घाईत असतात, चिडतात. एज्युकेटरने त्यांना उलटी रीत सांगितली: काम बारीक पायऱ्यांत तोडायचं आणि शेवटची पायरी आधी शिकवायची, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा. सुरुवातीला बाबा सगळं करायचे, सोहमने फक्त कागद पाकिटात घालून 'हो गया, भिया' म्हणत हातात द्यायचं. मग पैसे घेणं जोडलं. मग पानं मोजणं. दोन रुपयाला एक पान, सात पानांचे किती, हे त्याने जानेवारीत कॅल्क्युलेटरवर बरोबर काढलं. गणिताच्या मॅमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पण वर्गात तर मी बहुपदी शिकवतेय. त्यांचंही बरोबरच होतं.

किंमत कुणी मोजली तेही लिहायला हवं. वर्गात आणखी ४१ मुलं होती. सोहमसाठी वेगळं काही तयार करायला आठवड्याला चारेक तास जायचे, ते माझ्या रविवारातून आले. गुरुत्वाकर्षणाचा धडा मी घाईत उरकला. एका हुशार मुलीच्या आईने पालकसभेत विचारलं, "मैम, इस साल सिलेबस थोड़ा भागा है?" मी म्हटलं, हो. आणि कितीतरी शुक्रवारी, सातवा पीरियड, डोकं दुखत असताना, मी पुन्हा त्याला खडू आणायला पाठवलं. ऑफिसात खडूंचे खोके भरपूर होते आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

२०२१-२२च्या सुमारास आम्ही सगळ्यांनी 'निष्ठा' या शिक्षकांसाठीच्या सरकारी उपक्रमाचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं होतं. त्यात समावेशी शिक्षणही होतं. कणीक मळताना मोबाइल ओट्यावर ठेवून मी व्हिडिओ चालू द्यायचे, शेवटच्या प्रश्नांना खुणा करायच्या, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. ते अजून माझ्या फाइलमध्ये आहे. त्यात दोष प्रशिक्षणाचा होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, मी पाहिलंच कुठे होतं.

वार्षिक परीक्षेच्या वेळी पुन्हा खल. नियम बोर्डाचे आहेतच: दर तासाला २० मिनिटं जास्त, गरज पडल्यास लेखनिक, आणि विषय निवडताना दोनऐवजी एक भाषा घेऊन बाकी चार विषयांत चित्रकला, संगीत, गृहविज्ञान असे पर्याय. पण पर्याय शाळेत शिकवायला कुणी असेल तर. आमच्याकडे चित्रकला होती, संगीत नाही. नववीची परीक्षा शाळेच्याच हातात असते, म्हणून विज्ञानाचा पेपर मी त्याच्यासाठी वेगळा काढला, त्याच धड्यांवर, चित्रं आणि प्रयोग जास्त, भाषा कमी. तपासायला मात्र सामाजिक विज्ञानाच्या सरांकडे दिला. ते म्हणाले, साइंस मेरा नहीं है. मी म्हटलं, उत्तरपत्रिका सोबत आहे. ८०पैकी ३४ आले. त्यांनी दोन ठिकाणी माझ्याहून कडक तपासलं होतं. मी बदललं नाही.

मार्चच्या शेवटी ती एम.एड.वाली पुन्हा आली, तीच ३० विधानं घेऊन. या वेळी मला ४० मिनिटं लागली. 'थोडं प्रशिक्षण मिळालं तर कोणताही शिक्षक...' इथे मी 'असहमत' केलं. मंगळवार-शुक्रवार ती सॅकवाली मुलगी नसती तर मी सशांच्या पुढे गेले नसते. माध्यमिकला अशा १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं आहे. आमच्याकडे तीन शाळांत मिळून एक. 'या मुलांमुळे इतरांच्या अभ्यासावर परिणाम होत नाही': असहमत. होतो, तो सोसायचा की नाही हा पुढचा प्रश्न. 'शिक्षकाने या मुलांशी विशेष ममतेने वागावे': इथे पेन बराच वेळ अडलं, मग 'असहमत'. हक्काच्या विधानापुढे मात्र पूर्वीसारखंच, पूर्णतः सहमत.

चार दिवसांनी तिचा फोन. "मॅम, तुमचा स्कोअर १३८वरून ११७वर आलाय. तुमच्या वर्गात तर मुलगा होता, म्हणजे वाढायला पाहिजे ना? काही उलट्या खुणा झाल्या का? बदलायच्या असतील तर..."

"नाही गं. राहू दे तशाच."

"माझ्या गाईड विचारतील."

"त्यांना माझा नंबर दे."

कुणी फोन केला नाही. सामाजिक विज्ञानाच्या सरांचे दोन्ही वेळचे गुण विचारायचा मला फार मोह झाला, पण ते तिने सांगितलं नसतं. सांगू नयेच.

एप्रिलमध्ये नवीन याद्या लागल्या. सोहम दहावी 'अ'मध्ये, वर्गशिक्षिका इंग्रजीच्या मॅम. मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या, यादीची घडी हातात. "सुनिए ना, ये मेरे सेक्शन में क्यों?" मी कपाटातून सोहमची फाइल काढली, वर्षभरात चांगली जाडजूड झालेली, दीड फरशीची चित्रं, पालथी घातलेली सशांची वर्कशीट, ३४ गुणांचा पेपर. त्यांनी वजन पाहूनच सुस्कारा टाकला. म्हटलं, सगळी नका वाचू, पहिली तीन पानं वाचा. त्या तिथेच उभ्या राहून चाळायला लागल्या. दुसऱ्या पानावर थांबल्या, बोट खाली सरकवत गेल्या.

"मैम, ये हर जगह एन.ई. लिखा है. ये क्या होता है?"

घंटा झाली होती. मी त्यांना खुर्ची दिली.